अँटिबायोटिकचा हिशोब कुणी ठेवायचा?

शिरूर माझं माहेर, दौंड सासर. मधे भीमा. लग्नाआधी मी नदीकडे अलीकडून बघायचे, आता पलीकडून बघते, एवढाच काय तो फरक. नदी तीच, आणि हल्ली तिच्यावर पसरलेली जलपर्णीही तीच.

आजचा विषय जरा जड आहे. घरच्या मंडळींनी "हिचं परत शास्त्र सुरू झालं" म्हणून पान बंद करू नये, ही विनंती. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं आणि पुढे सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे जंतूंबद्दल बोलायची खुमखुमी आहे हे मान्य. पण यावेळी विषय जंतूंपेक्षा माणसांचा आहे. त्यातही सरकारी कचेऱ्यांचा.

१८ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी एक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्सविरुद्धचा हा आपला दुसरा आराखडा, २०२५ ते २०२९ साठीचा. सरकारी मराठीत याला 'प्रतिजैविक प्रतिरोध' म्हणतात. आपण साधं 'औषध लागू न पडणं' म्हणू. वीसेक मंत्रालयं त्यात आहेत. आरोग्य, पशुसंवर्धन, शेती, पर्यावरण, औषधनिर्मिती, सगळे. वाचून बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, की वीस मंत्रालयं दिल्लीत एका टेबलाशी बसली, पण त्यांचीच माणसं आमच्या दौंडला किंवा शिरूरला कधी एका टेबलाशी बसलीत का? आजचं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी थोडं शास्त्र. (थोडंच. शप्पथ.)

जंतू फार भराभर वाढतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. सोयीची परिस्थिती असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. अशा कोट्यवधींत एखाद-दुसरा असा निघतो की ज्याच्यावर औषध चालत नाही. औषध दिलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याला रान मोकळं मिळतं. इथपर्यंत शाळेतल्या मुलांनाही कळतं. पुढची गंमत अशी, की हा पठ्ठ्या ती युक्ती स्वतःपुरती ठेवत नाही. शेजारीण वाटीभर विरजण मागायला आली की आपण देतो, तसा तो आपल्या जनुकांचा एक छोटा तुकडा शेजारच्या जंतूला देऊन टाकतो. शेजारचा जंतू दुसऱ्याच जातीचा असला तरी चालतं. म्हणजे गाईच्या शेणातल्या, कोंबडीच्या पोटातल्या आणि माझ्या पोटातल्या जंतूंची आपापसात देवाणघेवाण होऊ शकते. त्यांच्यात पशुसंवर्धन विभाग वेगळा, आरोग्य विभाग वेगळा असं काही नसतं.

हा धोका नवीन नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच सांगून ठेवलं होतं, की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला सरावतील. त्यानंतर नऊच वर्षांनी, १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. वर्षभरात पेनिसिलिन तयार व्हायला लागलं, पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं. म्हणजे देशाच्या अँटिबायोटिकच्या गोष्टीतला पहिला मोठा सरकारी कारखाना पुणे जिल्ह्यातला. माझ्या आजीच्या पिढीने प्लेगच्या गोष्टी ऐकल्या होत्या, बाळंतरोगाने गेलेल्या बायका पाहिल्या होत्या. तिला पेनिसिलिन म्हणजे चमत्कारच वाटायचा, आणि तो होताच. मला अँटिबायोटिकच्या विरोधात कुणी समजू नये म्हणून हे मुद्दाम लिहिलं. उलट ही गोष्ट इतकी मोलाची आहे की तिचा हिशोब कुणीच ठेवत नाही याचा मला राग येतो.

हिशोब नसला की काय होतं ते घरातच बघितलं. आमच्या थोरल्या वन्सं (त्यांना विचारून लिहितेय) गेल्या वर्षी महिनाभर तापाने आणि लघवीच्या जळजळीने हैराण होत्या. गावात एकाने गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं, परत ताप. दुसऱ्याने 'पावरच्या' गोळ्या दिल्या. तिसऱ्याने सलाईनमधून इंजेक्शन दिलं. तपासणी करायला कुणी सांगितलं नाही, कारण लघवीचं कल्चर करायचं तर नमुना पुण्याला पाठवायचा, दोन-तीन दिवस थांबायचं आणि पैसे मोजायचे. शेवटी पुण्याला नेलं तेव्हा कल्चर झालं. त्या रिपोर्टवर औषधांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही. वन्संच्या रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. एस फक्त तीन ठिकाणी, आणि तिन्ही शिरेतून द्यायची औषधं. दहा दिवस इंजेक्शनं झाली. वन्सं बऱ्या झाल्या, पण त्यांच्या मुलाला त्यापायी एक दुभती गाय विकावी लागली.

त्या गाईचं पुढे सांगते, कारण गोष्ट तिच्यापाशी संपत नाही.

मधल्या काळात त्या गाईला दगडी झाली होती. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते, दगडी म्हणजे कासेला सूज येते, ती दगडासारखी कडक होते आणि दूध नासतं. संकरित गाईंत हा आजार फार. त्यावर अँटिबायोटिक देतात, सडात ट्यूब सोडतात किंवा इंजेक्शन देतात. देतात ते बऱ्याचदा माणसाला देतात त्याच कुळातलं असतं. औषध दिल्यावर ठरावीक दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं, तसं लेबलवर लिहिलेलं असतं. पण रोजच्या दुधावर घर चालत असेल तर चार-पाच दिवसांचं दूध ओतून देणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. संकलन केंद्रावर फॅट मोजतात, एसएनएफ मोजतात, पाणी घातलंय का बघतात. अँटिबायोटिकचा अंश बघण्याच्या पट्ट्या असतात, मोठ्या डेअऱ्या त्या वापरतातही, कारण असं दूध आलं की दह्याचं विरजणच नीट लागत नाही. गावच्या केंद्रावर मात्र ती पट्टी मला अजून दिसलेली नाही.

गाईमुळे वन्सं आजारी पडल्या, असं मी म्हणत नाही. तसं सिद्ध करायचं तर दोन्हीकडचे जंतू तपासून शेजारी ठेवायला हवेत. आणि नेमकं तेच आपल्याकडे कुणाचंच काम नाही! वन्संचा रिपोर्ट हॉस्पिटलच्या फाइलमध्ये गेला, गाईचं औषध पशुवैद्यकाच्या वहीत, आणि दोघांची गाठ कुठेच पडली नाही.

आता कोंबड्यांकडे या. शिरूर तालुक्यात पोल्ट्रीच्या शेड किती आहेत ते सांगायला नको. कोलिस्टिन नावाचं एक अँटिबायोटिक आहे. माणसात बाकी काहीच लागू पडेनासं झालं की डॉक्टर त्याच्याकडे वळतात, म्हणजे ते अगदी शेवटचं हत्यार. हेच औषध आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात, त्या लवकर भराव्यात म्हणून, मिसळलं जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत ते वापरायला बंदी घातली. चांगला निर्णय, आणि तो आरोग्य मंत्रालयाने घेतलेला. मला त्यात आशा दिसते ती यामुळे, की माणसांच्या खात्याने कोंबडीच्या ताटात लक्ष घातलं.

मग डाळिंब. तेल्या रोग आला की बागायतदार स्ट्रेप्टोसायक्लिनची छोटी पुडी पाण्यात कालवून फवारतो. नाव बघा, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचं मिश्रण. पिंपरीच्याच कारखान्याचं हे प्रसिद्ध उत्पादन. म्हणजे ज्या औषधाने क्षयाचे रोगी वाचवले, प्लेगवर जे चालतं, तेच आपण पंपाने बागेत उडवत होतो. डिसेंबर २०२१ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतला हा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. तेल्याने बाग बसली की कर्ज फेडायचं कशाने? त्याला दुसरा उपाय हातात दिल्याशिवाय बंदी म्हणजे नुसता कागद.

आणि शेवटी पाणी. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून खाली येतं आणि वाळकी-रांजणगाव सांडसच्या संगमावर, म्हणजे बरोबर दौंड आणि शिरूरच्या शिवेवर, भीमेला मिळतं. काही पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला दिलं जातं. चाळीस-पन्नास लाखांच्या शहराने खाल्लेल्या गोळ्यांचा अंश आणि त्यातून तरलेले जंतू त्या पाण्यातून आपल्या दाराशी येतात. सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प मुख्यतः घाण कमी करण्यासाठी बांधलेले असतात, प्रतिरोधी जंतू मोजण्यासाठी नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल, याच्या मर्यादा जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या मसुद्यात आल्या होत्या. ऑगस्ट २०२१ ला अंतिम नियम निघाले तेव्हा त्या गायब. हे देशभरच्या कारखान्यांबद्दलचं, कुठल्या एका वसाहतीबद्दलचं नाही. पण ज्या तालुक्यात कुरकुंभसारखी रासायनिक वसाहत आहे तिथल्या बाईला हे वाचून झोप कशी लागावी?

एवढं वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग सरकार करतंय काय? करतंय, अगदीच नाही असं नाही. क्रम सांगते.

२०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात एनडीएम-१ वरचा लेख आला आणि गदारोळ झाला. एन म्हणजे न्यू, डी म्हणजे दिल्ली. आपल्या राजधानीचं नाव जंतूच्या एन्झाइमला दिलं म्हणून संसदेपर्यंत संताप पोचला. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की रागावलो ते नावावर, जंतूवर कमी. तरी त्यातून एक झालं, टास्क फोर्स नेमला गेला आणि २०११ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं. २०१२ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र येऊन चेन्नई जाहीरनामा काढला. २०१३ मध्ये आयसीएमआरने मोठ्या रुग्णालयांतल्या प्रतिरोधी जंतूंवर लक्ष ठेवणारं जाळं उभारलं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू झालं. २०१६ मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम आली आणि एप्रिल २०१७ मध्ये पहिला राष्ट्रीय आराखडा. तो २०२१ पर्यंतचा होता. प्रत्येक राज्याने आपापला आराखडा करायचा होता. केरळने २०१८ मध्ये सर्वांत आधी केला. नंतर मोजक्याच राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला.

या यादीत तालुका कुठे आहे? आपल्या गल्लीत यातलं पोचलं ते फक्त एच-१ आणि लाल रेघ. लाल रेघेबद्दल मी आमच्या आळीत सहज विचारून पाहिलं. एक म्हणाली, "ती पाकीट फाडायची खूण असंल."

आणि एच-१? माझ्या चुलतभावाचं मेडिकल आहे, त्यामुळे हे रजिस्टर मी डोळ्यांनी पाहिलंय. सेफिक्झिमसारखी औषधं, कार्बापेनेम, क्षयाची काही औषधं विकली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. तो लिहितो. निरीक्षक आले की दाखवतो. मी विचारलं, "दादा, याची बेरीज कोण करतं?" तो हसला. म्हणाला, "बेरीज? अगं, वही आहे का एवढंच बघतात."

इथे मी अडकले. गावोगाव वह्या भरल्या जातायत. कुठलं औषध, किती, कुणी लिहून दिलं, सगळं त्यात आहे. आणि महिन्याच्या शेवटी बेरीज नाही! आमच्या बचत गटाची वही यापेक्षा नीट असते. तिथे पाच रुपयांचा फरक आला तरी बायका रात्री नऊपर्यंत उठत नाहीत.

दादाची बाजूही सांगायला हवी. तो म्हणतो, "चिठ्ठी नाही म्हणून मी परत पाठवला तर तो समोरच्या दुकानात जातो. शिवाय रात्री दहाला तापाने फणफणलेलं पोर घेऊन बाई येते, डॉक्टर गावात नाही. तिला काय सांगू?" याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. 'दुकानदारांना धाक दाखवा म्हणजे सगळं सुधारेल' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की डॉक्टरची सोय आधी करणार की नंतर? अँटिबायोटिक नको तिथे दिल्याने माणसं मरतात, तशी हवं तिथे न मिळाल्यानेही मरतात. गावाकडे दुसरं अजून संपलेलं नाही. केरळने जानेवारी २०२४ पासून चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या, अँटिबायोटिक निळ्या पाकिटात द्यायला सुरुवात केली. पण तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रं नीट चालतात. आधी ते, मग हे.

मग करायचं काय? टीका करून हात झटकणं सोपं आहे, म्हणून माझ्या बुद्धीप्रमाणे सांगते.

तालुक्यात आज कोण कोण आहे ते मोजा. तालुका आरोग्य अधिकारी, पशुधन विकास अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. शिवाय पुण्याहून येणारे औषध निरीक्षक आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी. सहा खुर्च्या झाल्या. या सहांनी दर तीन महिन्यांनी प्रांताधिकाऱ्यांसमोर एकत्र बसावं आणि एक पानाचा ताळेबंद मांडावा. माणसांना अँटिबायोटिक किती गेलं, जनावरांना किती, बागेवर किती, कल्चर किती झाली, त्यात आर किती. एवढंच. ते पान पंचायत समितीच्या भिंतीवर लावावं.

"झालं, अजून एक मीटिंग!" असं आमचे हे वाचता वाचता म्हणालेच. म्हणू देत. मी पल्स पोलिओच्या बूथवर शिक्षिका म्हणून बसलेय. तेव्हाही तालुक्याला अशाच बैठका व्हायच्या, तेव्हाही लोक हसायचे. पण त्या बैठकीत कुठल्या वस्तीवर किती मुलं राहिली हे नावानिशी निघायचं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर जायचो. दारावर खडूने खूण, मुलाच्या बोटाला शाई. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. त्या यशात दिल्लीचा वाटा होताच, पण दिल्लीचा आकडा दारावरच्या त्या खडूपासून तयार व्हायचा.

अर्थात पोलिओ आणि हे काम एक नाही, हे मला कळतं. तिथे दोन थेंब द्यायचे होते, इथे उलट नको तिथे न देण्याची मोहीम आहे. 'न देणं' मोजता येत नाही, त्याचे फोटो निघत नाहीत, त्याला शाई लावता येत नाही. आणि हे कधी संपणारही नाही, जंतू आहेत तोवर चालूच राहणार. म्हणून तर मोहिमेपेक्षा वहीची गरज जास्त आहे.

दुसरं, कल्चरची सोय. प्रत्येक तालुक्यात प्रयोगशाळा उभारा असं मी म्हणत नाही, ते होईल तेव्हा होईल. पण क्षयाच्या बेडक्याचे नमुने गावातून मोठ्या प्रयोगशाळेत जातातच ना? तशीच लघवी-रक्ताची बाटली सरकारी दवाखान्यातून रोज पुण्याला जाऊ दे. रिपोर्ट डॉक्टरच्या मोबाइलवर यावा आणि त्याची एक नावाविना प्रत राष्ट्रीय नोंदीत पडावी. आज देशाचं या बाबतीतलं चित्र मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयं आणि मोठ्या रुग्णालयांतून तयार होतं. तिथे रुग्ण पोचतो तो चार ठिकाणी औषधं खाऊन. आमच्या वन्संसारखा. गावात पहिल्यांदा आजारी पडणाऱ्या बाईला कुठलं जुनं, स्वस्त औषध अजून लागू पडतं, हे त्या आकड्यांवरून कसं कळणार? आणि ते कळलं नाही की डॉक्टर घाबरून भारीच गोळी लिहिणार.

"खेड्यात कुठे अशा नोंदी होतात," असं कुणी म्हणेल त्याला मी शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक दाखवीन. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा तिथला ग्रामीण आरोग्य प्रकल्प डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात सुरू केला. २००२ पासून त्या भागातल्या बावीस गावांत घरोघर जाऊन जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं याची सलग नोंद ठेवली गेली. जगभरचे संशोधक ती वापरतात. म्हणजे आपल्याच तालुक्यात हे होऊन दाखवलेलं आहे. माणसं तीच, रस्ते तेच, पावसाळाही तोच.

तिसरं, दूध. औषध दिलेल्या गाईचं दूध बाजूला ठेवणाऱ्याला दंड नको, आधार द्या. संघाने त्या चार-पाच दिवसांचा थोडा भार उचलावा, आणि केंद्रावर पट्टी ठेवावी. आणि दगडी होऊच नये म्हणून गोठा कोरडा ठेवणं, धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणं, हे शिकवायला पशुधन अधिकाऱ्यांनी दारात यावं. आजारच कमी झाला तर औषधही कमी लागतं. माणसाचंही तेच, स्वच्छ पाणी, संडास, लस. महाराष्ट्राने २००० साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा गावागावांत चुरस लागली होती. ती चुरस आठवते ना?

एक आक्षेप मला मनापासून पटतो. श्रीमंत देशांनी पन्नास वर्षं हवं तसं अँटिबायोटिक वापरलं, जनावरांना पोत्यांनी चारलं, आणि आता आपल्याला शिकवतात. खरं आहे. पण या भांडणात आपण जिंकलो तरी वन्संच्या रिपोर्टवरचा एकही आर पुसला जात नाही. लॅन्सेटमध्येच २०२२ साली आलेल्या मोठ्या अभ्यासाने २०१९ या एका वर्षात जगात बारा लाख सत्तर हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जंतूंमुळे झाल्याचा अंदाज काढला. त्यात भारताचा वाटा तीन लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी २०३० पर्यंत या जंतूंशी निगडित मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. दहा टक्के कमी झाले हे कळायला आधी आपल्याकडे किती होतात हे कळायला नको का?

नव्या आराखड्यात प्रत्येक मंत्रालयाने आपापलं काम, मुदत आणि पैसा लिहून द्यायचा आहे. ही गोष्ट पहिल्यापेक्षा चांगली. माझं मागणं इतकंच, की त्या ओळीत शेवटी 'तालुका' हा शब्द यावा आणि त्याच्यापुढे एका माणसाचं पद लिहिलेलं असावं. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं, हे घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. दुधावर लक्ष ठेवायला चौघांना सांगितलं की दूध उतू जातंच.

आता घरच्यांसाठी चार ओळी. सर्दीला आणि साध्या घशाला अँटिबायोटिक मागू नका, ती बहुतेक वेळा विषाणूंची कामं असतात, त्यांच्यावर ते चालत नाही. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितकेच दिवस घ्या, मनाने कमी नाही आणि जास्तही नाही. उरलेली स्ट्रिप डब्यात ठेवून शेजारणीला देऊ नका (आमच्या आळीत ही देवाणघेवाण हळदीकुंकवापेक्षा जास्त चालते). ताप परत आला तर "कल्चर करायचं का?" एवढं डॉक्टरांना विचारा, राग येत नाही त्यांना. आणि ज्यांच्या दारात गाय आहे त्यांनी औषधाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा.

येत्या ग्रामसभेत मी एच-१ च्या वहीची बेरीज कोण करतं हा प्रश्न मांडणार आहे. सरपंच म्हणतील हा आमचा विषय नाही. मग मी विचारीन, कुणाचा आहे ते लिहून द्या. शिरूरकडच्या मंडळींनी तिकडे विचारावं. दोन्हीकडून काय उत्तर येतं ते इथे लिहीनच.